तुटक रेघ

बाईंचा पडद्यावर कधीच विश्वास नव्हता. कॉम्प्युटरसमोर बसल्या की गळ्यातलं भिंग एका डोळ्याला लावायचं, नाक जवळजवळ काचेला टेकवायचं आणि रेघ बघायची. नवं गिऱ्हाईक हसायचं. बाई मान न वळवता म्हणायच्या, "हसून घ्या. भिंत तुमच्या घराची आहे, माझ्या नाही."

श्रीवर्धनच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर, साहेबांचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या आणि मी त्यांच्या हाताखालचा. उमेदीची वर्षं त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढले. चूक झाली की ब्लेडने खरवडायची. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. साहेबांनी विचारलं, "जमेल का बाई?" त्यावर, "न जमायला ते काय विमान आहे?" तीन महिन्यांत त्या आम्हाला शिकवायला लागल्या. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात 'काढणार' या शब्दापुढे त्यांची सही असे, आणि ती सही दिसली की तालुक्यातले मिस्त्री पुढे काही न विचारता पाया खणायला घेत.

मग साहेबांनी मुंबईहून नवं मशीन आणलं. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या प्रणालीवर चालणारं, पातळ आणि चकचकीत. ते मला मिळालं. सॉफ्टवेअर तेच, फाइल तीच, पण बाईंच्या जुन्या डब्यावर जे दिसे ते माझ्याकडे दिसत नसे. त्यांच्याकडे तिरक्या रेघा पायऱ्यापायऱ्यांच्या, माझ्याकडे लोण्यासारख्या. मला त्याचा अभिमान होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही मशीनं शेजारी ठेवली, एकच नकाशा दोन्हीकडे उघडला आणि भिंग लावून दोन तास बसल्या. "सुहास, तुझं मशीन रेघा गुळगुळीत करताना बारीक तुटक रेघ खाऊन टाकतंय," त्या म्हणाल्या. नकाशात तुटक रेघ काढतात ती जमिनीखालच्या नाहीतर डोक्यावरच्या गोष्टींसाठी: पाइप, टाकी, तुळई. "जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायला ती रेघ. आणि नेमकी तीच गायब."

त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर अपडेट करो." बाई म्हणाल्या, "चार दफा किया. अब तुम करो." मग तो म्हणाला की हा फक्त डिस्प्लेचा प्रश्न आहे, डेटा बरोबरच आहे. बाई सरळ मराठीवर आल्या. "बाळा, खड्डा खणणारा डेटा बघत नाही, चित्र बघतो. तुझ्या साहेबाला दे फोन." असे तीन महिने, दर शुक्रवारी. शेवटी तिकडची माणसं त्यांचा आवाज ओळखायला लागली आणि एक उपाय हाती लागला. सेटिंगमध्ये एका चौकटीत टिकची खूण होती. ती काढली की ग्राफिक्स कार्डाची मदत बंद व्हायची, तुटक रेघा परत यायच्या, पण मग माझ्याही पडद्यावर सगळं दातेरी. "वाईट दिसेल," बाई म्हणाल्या. "दिसू दे." शिवाय त्यांचा दंडक होताच: "दोन पडदे भांडले की कागदाला विचारायचं." छापून तपासल्याशिवाय नकाशा ऑफिसबाहेर जायचा नाही.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ माझ्या पडद्यावर आपल्या बंगल्याचं छप्पर बघून म्हणाले, "हे काय करवतीसारखं? तुमच्याकडे दुसरा डिझायनर नाही का?" मी खाली बघितलं. बाई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "छान चित्रं काढणारे पुष्कळ आहेत हो. घर बांधायचं असेल तर बसा." गृहस्थ बसले. मी मात्र ते गेल्यावर ती खूण परत लावून टाकली. मला लाज वाटली होती. बाईंना मी हे सांगितलं नाही.

आता पुढचं. चार वर्षं मी हे घरीसुद्धा बोललो नाही.

वादळात दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. विनायकरावांच्या वाडीत चाळीसेक पोफळी कशाबशा उभ्या राहिल्या. सुपारीचं उत्पन्न गेलं, म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायचं ठरवलं. नकाशा बाईंचा. विहिरीपासून पोफळींपर्यंत जाणारा पाण्याचा जुना चिऱ्यांचा पाट फरश्यांखाली झाकलेला होता. तो बाईंनी स्वतः टेप धरून मोजला आणि तुटक रेघेने दाखवला.

काम सुरू झालं त्या दिवशी बाई रेवसला बहिणीकडे गेल्या होत्या. धर्मा मिस्त्रीचा फोन आला. "अवो, मानसा बसून हायत. नकाशा मोबाइलवर तरी पाठवा." ऑफिसात छापायच्या कागदाचा रोल संपला होता. मी माझ्या पडद्याचाच फोटो काढून पाठवला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "संडासच्या टाकीच्या जागी माडाचा खुंट हाय. चार हात सरकवू काय? तितं मोकलंच दिसतंय." मी पडद्यावर बघितलं. मोकळंच होतं. म्हटलं, "सरकवा."

खणताना चिरे लागले. माणसांना वाटलं जुनं गटार असेल. त्यांनी ते फोडलं, टाकी बांधली, वरून माती ओढली. विनायकराव डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पनवेलला मुलीकडे होते. इकडे विहिरीवरचा पंप रोज चालत होता आणि पाणी फुटक्या पाटातून वाळूत जात होतं. ते परत आले तेव्हा वादळातून वाचलेल्या पोफळींपैकी अकरा वाळल्या होत्या.

विनायकराव ऑफिसात येणार हे आदल्या दिवशी कळलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी माझ्या मशीनवरची ती खूण काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी धर्माने आपला मोबाइल टेबलावर ठेवला. फोटोत पाटाची रेघ नव्हती. बाई म्हणाल्या, "रेघ फाइलमध्ये आहे. सुहासच्या मशीनवर ती दिसत नाही, हे मी पहिल्या आठवड्यापासून सांगतेय. उघडा त्याच्या मशीनवर." साहेबांनी उघडली. रेघ दिसली. स्वच्छ, तुटक, विहिरीपासून पोफळींपर्यंत. साहेब म्हणाले, "बाई, इथे तर दिसतेय. मग तेव्हा असती तर फोटोत आली नसती का?" फाइलवर तारीखही अलीकडची होती, कारण बाईंनी मधे एक खिडकी बदलली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला जी फाइल मिळाली तिचाच फोटो पाठवला. रेघ नंतर घातली असेल."

बाई माझ्या पडद्याशी वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "परवा मी बघितलं तेव्हा इथे छप्पर गुळगुळीत होतं. आज दातेरी आहे. सेटिंग कुणी बदललं?" कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी माउसची वायर सरळ करत बसलो.

विनायकराव नको ते बोलले. साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, दोन ओळींचं माफीपत्र द्या, विषय संपवू."

"न चुकलेल्या रेघेची माफी मी मागणार नाही. रेघ काढणारीने लपून रेघ घातली असं लिहून हवंय ना? ज्याने बघितलं त्याच्याकडून लिहून घ्या."

त्याच दुपारी त्यांनी आपला कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला. डबा त्यांच्या स्वतःच्या पैशाचा होता.

पुढे बाजारात एकच बोललं जायचं: बाईंना आता दिसत नाही, चुका करतात आणि झाकतात. मी ते चहाच्या टपरीवर ऐकायचो आणि चहा संपवायचो. जे मिस्त्री त्यांच्या सहीवर पाया खणत, ते नकाशा दुसऱ्याकडून काढून आणायला लागले. वर्षभरात बाईंनी श्रीवर्धनची खोली सोडली आणि त्या रेवसला बहिणीकडे राहायला गेल्या.

या वर्षी मी रेवसला गेलो. का, ते नीट सांगता येत नाही. झोप लागत नाही असं म्हटलं तर ते माझ्याच सोयीचं होईल. बाई ओटीवर काम करत होत्या, तोच डबा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगतोस? मला त्याच दिवशी माहीत होतं."

"माफी मागायला आलो, बाई."

"माझी एकटीची मागून काय उपयोग? मला चारचौघांत खोटं पाडलंस. साहेब, विनायकराव आणि धर्मा, तिघांना एका जागी उभं कर आणि सांग. वाडीत सांग. मी येणार नाही. मी तिथे उभी राहिले तर माझ्यासाठी बोलल्यासारखं होईल."

बहिणीने चहा आणला. बाईंनी मला बस म्हटलं नाही.

मी तिघांना वाडीत गोळा केलं आणि सांगितलं. खूण कुठे होती, कधी लावली, कधी काढली, सगळं. साहेब म्हणाले, "आता हे उकरून काय मिळणार?" धर्मा म्हणाला, "म्हंजे बाय बरोबर होती. आनी मी पन तिचं काम तोडलं." विनायकराव म्हणाले, "झाडं गेली ती गेली. त्या बाईंना मी काय काय बोललो ते तुम्ही समोर बसून ऐकत होता." साहेबांनी महिनाअखेरीस मला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. बरोबरच केलं.

धर्माने गावोगाव सांगितलं असावं. कारण बाईंकडे श्रीवर्धनची कामं परत जायला लागली, असं मी ऐकलं. मला त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक फाइल आली. कुठल्याशा बर्फाच्या कारखान्याचा नकाशा होता. खाली लिहिलं होतं, "तुझ्याकडच्यासारख्या मशीनवर काय दिसत नाही ते बघून कळव. खरं कळव."

मी नकाशा छापून आणला, जमिनीवर पसरला आणि घरच्या तसल्याच मशीनच्या पडद्याशी ताडून एकेक रेघ बघितली. दुपार गेली. दोन तुटक रेघा पडद्यावर येत नव्हत्या. कुठल्या, ते लिहून पाठवलं.

लगेच उत्तर आलं. "तीन आहेत. पुन्हा बघ."

मी पुन्हा कागदाशी गुडघे टेकून बसलो.