दुसऱ्याचा आवाज

पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्याचा वास आला की मला तो दिवसभर चघळणारे माझे काका आठवतात. नाटकांत आयुष्यभर सासरे, न्यायाधीश, फौजदार रंगवलेल्या काकांना उतारवयात एक सिनेमा मिळाला. शूटिंग संपलं आणि घशाच्या कॅन्सरपायी त्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. सिनेमा लागला तेव्हा आम्ही नंदनवन वस्तीतले सगळे थिएटरात गेलो. पडद्यावर काका बोलू लागले, पण डबिंगचा आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "कोणाचा आवाज होय वं हा? मले तर यांचाच ऐकाचा होता." शेजारी बसलेले काका पडद्याबरोबर आपले संवाद नुसत्या ओठांनी म्हणत होते. काकू मग शेवटपर्यंत त्यांच्या ओठांकडेच बघत राहिली. आता काका नाहीत. तो सिनेमा टीव्हीवर लागला की काकू आवाज बंद करून बघते.