सुशीलावहिनी आणि परदेशचे नाच

घरात प्लास्टिकच्या पिशव्या कशा एकात एक कोंबून साठत जातात, तसे आमच्या बिरवाडीच्या महिला मंडळाचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. बायका हसतात, मीही हसते. पण ‘नृत्याची जन्मकथा’ या कार्यक्रमाचे किस्से निघाले की मी चहा ठेवायला उठते.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. आमच्या अध्यक्ष जयश्रीबाई, निवृत्त शिक्षिका. माणूस नाचायला कधी लागला, कुठल्या देशात कसा नाचला, हे सगळं त्यांना महाडच्या हॉलमध्ये स्टेजवर दाखवायचं होतं. आधी आदिमानव, मग इजिप्त, मग स्पेन आणि शेवटी आपला गौरीचा फेर.

फेर म्हटलं की सुशीलावहिनी. माहेर उमरठकडचं, गळा खणखणीत, पाय हलका. कंपनीतल्या कामगारांचे डबे करायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

“मला बाकी काय नको,” ती म्हणाली. “फेरात तेवढी घ्या. दोन वर्षं गवरीला भिंतीला टेकून बघतेय.”

बाईंनी आवाज खाली आणला. फेर सवाष्णींचा असतो, हॉलमध्ये गावातल्या बायका येणार, लोक नावं ठेवतील, असं बरंच समजावलं. वहिनीने पडद्यामागून गायचं ठरलं.

“आणि बाकीच्या नाचांत?” वहिनीने विचारलं.

“त्यात खुशाल नाच. ते परदेशातले आहेत.”

आम्हा सगळ्यांना हा तोडगा फार आवडला. कुणाचंच मन मोडलं नाही, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

*

आदिमानव व्हायला कुणी तयार होईना. शेवटी गोणपाटावर आंब्याची पानं टाचून अंगभर झगे केले आणि वहिनीला पुढे उभं केलं.

पानं ताजी हवीत म्हणून तालमीच्या आधी अर्धा तास तोडली होती. त्यांत लाल मुंग्या होत्या. ढोलकी सुरू व्हायच्या आधीच आम्ही नाचायला लागलो. कुणी पाठ भिंतीला घासतेय, कुणी किंचाळतेय, कुणी जमिनीवर लोळतेय.

बाई दारातून आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

“शाब्बास! इतके दिवस हेच तर सांगत होते!”

*

इजिप्तच्या नाचात चेहरा एका बाजूला, छाती समोर, हात कोपरात वाकवलेले. तिथल्या भिंतींवरची चित्रं तशीच असतात म्हणे. मान अजिबात वळवायची नाही, अशी बाईंची सक्त ताकीद.

मंदा सगळ्यांत पुढे. तिला समोरचं काही दिसत नव्हतं आणि आम्ही तिच्या मागे. ती चालत चालत दारातून थेट शेजारच्या खोलीत गेली. तिथे पुरुषांचं भजन रंगलं होतं. तिच्यामागून आम्ही सहाजणी, हात वाकवून, एका रांगेत. टाळ थांबले. मंदाचे सासरे पेटीवर होते.

एका म्हाताऱ्या बुवांनी अदबीने विचारलं, “काय पाहिजे ताई?”

मंदाने मान वळवली नाही. “इजिप्त,” म्हणाली.

पुढे महिनाभर ती सासऱ्यांना जेवण वाढायला धाकट्या जावेला पाठवत होती.

*

स्पेनच्या नाचात टाचा आपटायच्या. मंडळाच्या खोलीच्या बरोबर खाली डॉक्टरांचा दवाखाना. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडर वर आला आणि हात जोडून म्हणाला, “डॉक्टर विचारतायत, अजून किती वेळ? सकाळपासून कुणाचं बीपी नीट लागत नाही.”

टाच जमली ती फक्त वहिनीला. जुन्या साड्यांच्या झालरींचा घागरा तिला शोभतही होता. बाईंनी स्वतःच्या हाताने तिच्या केसांत भलंमोठं लाल फूल खोवलं, लाल लिपस्टिक लावली, आणि लांब जाऊन बघत म्हणाल्या, “अगदी तिकडचीच दिसतेस गं.”

तो शुक्रवार होता. तालीम संपल्यावर हळदीकुंकवाची कोयरी फिरली. माझ्यापर्यंत आली, मग वहिनीला ओलांडून मंदाकडे गेली. लाल फूल, लाल ओठ, तशीच ती मधे बसली होती. घागऱ्याची झालर सारखी करत राहिली.



*

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पोलादपूरहून वहिनीची नणंदही आली होती, पहिल्याच रांगेत. आदिमानवाला लोक हसले, इजिप्त या वेळी स्टेजवरच राहिलं, स्पेनला तर शिट्ट्या पडल्या.

मग आम्ही दहाजणी नऊवारीत, हातात हात गुंफून फेर धरला. पडद्यामागून वहिनीने पहिलं कडवं उचललं. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला. बघते तर ती स्टेजवर. घागरा तोच, फूल तेच, लिपस्टिक तीच.

फेर थांबला. विंगेतून बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, यात तू नाहीस.”

आमच्यातली एकही बाजूला सरकली नाही. वहिनी माझ्या आणि मंदाच्या मधे येऊन उभी राहिली. आमचे गुंफलेले हात तिला जोर लावून सोडवावे लागले. एक हात तिने धरला, दुसराही धरला, आणि विंगेकडे बघून म्हणाली,

“मी स्पेनची हाय, बाई. मला चालतं.”

आणि तिसरं कडवं उचललं.