माझी दाढ आणि जीपभर भावकी

फौजेत मी सतरा वर्षं काढली आणि दातांच्या डॉक्टरला एकदाही सापडलो नाही. पेन्शनीत आल्यावर मात्र अक्कलदाढ किडली. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीती वाटत असेल तर पूर्ण भूल देऊन, झोपवून काढू. पैसे तिप्पट! मी घासाघीस न करता आगाऊ भरले. (कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजार डोक्यावर घेणारा माणूस मी!)

"आवं, साध्या इंजेक्शनवर शाळंतली पोरंबी काढत्यात की!" बायको म्हणाली.

"गप ऱ्हा! गावाला कळलं तर हवालदाराची अब्रू जाईल."

गावात सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललोय.

पण भुलीच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते. ती करताना बायको घाबरली आणि तिनं म्हसवडला माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला फोन लावला. आमच्याकडे माणसाला भूल देणार म्हटल्यावर भावकी घरी बसत नाही. माझा नंबर लागायच्या आत दवाखान्यापुढं जीप थांबली आणि अकरा जण उतरले!

"संपत, लय मोटं आपरेशन हाय व्हय रं?" आक्काला हुंदका आवरेना.

"आक्का, नुसती दाढ हाय!"

"मग भूल कशाला?"

अकरा जण माझ्या तोंडाकडं बघू लागले.

"डॉक्टरीणबाई ऐकंनात," मी पुटपुटलो.

"बरं, ह्यो सिद्धनाथाचा परसाद खा."

उपाशीपोटी या, असं बाईंनी बजावलं होतं. पण प्रसादाला नाही कोण म्हणणार? दोन पेढे खाल्ले. (पहिला देवासाठी, दुसरा गोड होता म्हणून.)

माझ्या मिशीवरचा पेढा बघून बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, आता भूल देता येणार नाही. पुढची तारीख घ्या, नाहीतर साध्या इंजेक्शनवर काढू."

मी 'तारीख' म्हणायच्या आत दारातून आक्का गरजली, "काडा तशीच! फौजी हाय त्यो!"

दार लागलं. आत बाई, बायको आणि मी. सुई टोचली आणि मी गार पडलो! डोळे उघडले तेव्हा डोकं खाली, पाय वर, जबडा बधिर. "सुरू कवा करनार?" असं विचारेपर्यंत दाढ ट्रेमध्ये पडलेली.

बाईंनी भुलीचे पैसे परत दिले. ते आक्कानं भावकीपुढं नाचवले. "बगा! बिनभुलीची काडली माज्या भावानं!" सुईलाच मी गार पडलो, हे बायकोनं पोटात ठेवलं. तेवढ्यासाठी मी तिला जन्मभर मानीन.

आता पंचक्रोशीत कुणाची दाढ दुखली की धीर द्यायला मलाच नेतात. मीही जातो. "घाबरायचं न्हाई गड्या!" म्हणून पाठ थोपटतो, आणि सुईची वेळ आली की बायकोला आत पाठवून पायरीवर डोळे गच्च मिटून बसतो.