अर्थिंगच्या बोल्टवरचा रंग

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच ठाण्यावर होतं. मी हवालदार, वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचा इनचार्ज. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची खोली, दोन टेबलं, ऊब द्यायला एक बुखारी शेगडी आणि भिंतीपाशी अर्थिंगचा पितळी बोल्ट.

हिवाळ्यात तिथली हवा इतकी कोरडी असते की जर्सी काढताना चटचट ठिणग्या पडतात. तीच वीज बोटातून सेटच्या डेटा पोर्टात उतरली तर आतली चिप जखमी होते. ही चिप वेगवान असते, म्हणूनच फार नाजूक. आपल्याला काही जाणवत नाही. टेबलावर सेट व्यवस्थित चालतो आणि दोन दिवसांनी दगा देतो. म्हणून मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर बोल्टला, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते, आणि रोज सकाळी मीटरने तपासून रजिस्टरात सही, असा नियम होता.

फौजेत इन्स्पेक्शन आलं की जे हलत नाही त्याला रंग लागतो. आमच्याकडेही लागला. "बोल्टही सोडू नका, चकचकीत दिसला पाहिजे," असं मीच जवानांना सांगितलं. साहेब खूश झाले. रंगातून वीज जात नाही, तरी पुढचे तीन दिवस मी पट्ट्याचा चिमटा रंगावरच लावत राहिलो आणि मीटर न लावता "ठीक" लिहून सही करत राहिलो. रोज ठीकच असतं, आज काय बिघडणार, असं वाटायचं. त्याच तीन दिवसांत मी लान्स नाईक दत्ताचा सेट उघडला, आतलं सर्किटचं कार्ड बदललं आणि परत दिला.

दत्ता कार्ल्याचा, मी तुंगार्लीचा. एवढ्या लांब मावळातलं माणूस भेटलं याचं दोघांनाही कौतुक होतं. गस्तीवर तो सेट कोटाच्या आत ठेवायचा, बॅटरी गारठू नये म्हणून.

दोन दिवसांनी दत्तासह तिघांची गस्त निघाली. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बर्फ सुरू झालं. एक चाळीसला कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सेटवरून येणारी त्यांची जागा दिसेनाशी झाली. आवाज येत होता, डेटा नाही.

"लोकेशन नहीं आ रहा. दोबारा भेजो. ओव्हर," कंट्रोल रूमचा ऑपरेटर म्हणाला.

"तीन बार भेजा है. ओव्हर." तो दत्ताचा आवाज होता.

मी तिथेच उभा होतो. बोल्टवरचा रंग मला त्याच क्षणी आठवला.

मदतीची तुकडी अंदाजाने निघाली आणि दुसऱ्याच धारेवर चढली. सकाळी दोघं जिवंत सापडले. दत्ताने घसरणाऱ्या साथीदाराला वर ओढलं होतं आणि स्वतः खाली गेला होता. त्याचा देह सापडला तेव्हा सेट कोटातच होता.

चौकशी अधिकारी यायच्या आधी मी चाकूने बोल्टवरचा रंग खरवडला. याची मला आजही लाज वाटते. रजिस्टरात माझ्या सह्या होत्याच. रिपोर्टात आलं की सेट कोटात ठेवल्याने अंगाची ओल पोर्टात गेली, हाताळणीत चूक झाली. म्हणजे चूक दत्ताची. मी तोंड उघडलं नाही. पेन्शन घेऊन तुंगार्लीला आलो.

कार्लं तिथून किती लांब? तरी जायला मला सहा वर्षं लागली. यंदा जानेवारीत गेलो. दत्ताचे वडील, आबा, भातखाचराच्या बांधावर बसले होते. बोल्ट, रंग, सह्या, चाकू, सगळं सांगितलं.

"मंग माझ्या पोराची चूक नव्हती?"

"नव्हती, आबा. माझी होती."

आबा म्हणाले, "शाळंत दरवर्सी झेंडा लावत्यात त्याच्या नावानं. मी पाठीमागं बसतो. वाटायचं, आपलंच चुकलंय, फुडं कशाला बसायचं."

मी माफी मागितली. ती दिली की नाही हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "हितं मला सांगून काय उपेग? तितं शाळंत समद्यांम्होरं सांगा."

मी रेकॉर्ड ऑफिसला लेखी जबानी पाठवली. उत्तर अजून नाही. दत्ताच्या स्मृतिदिनी शाळेत सकाळी आठ वाजता झेंडा चढला. गावासमोर उभा राहून मी सगळं सांगितलं, चाकूसकट. आबा पहिल्या रांगेत बसले होते.

लान्स नाईक दत्ताने सेट नीट सांभाळला होता. सापडला तेव्हा सेट कोरडा होता आणि कोटाची सगळी बटणं लावलेली होती.