पेटीत बांधलेलं सॉफ्टवेअर

दादा गेल्यावर पाटोद्याचं दुकान वहिनींनी बंद केलं नाही. लग्नपत्रिका जुळवून छापून द्यायचं छोटंसं दुकान. दादाशेजारी बसून त्या पत्रिका जुळवायला शिकल्या होत्या, पण त्याच्याच जुन्या सॉफ्टवेअरवर. उन्हाळ्याच्या तोंडावर जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला आणि नव्यावर ते सॉफ्टवेअर चालेना. टोळ्या ऊसतोडीवरून परतत होत्या, लग्नं निघणार होती.

"भाऊजी, एवढं चालू करून द्या," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर दुकान दुसऱ्याला द्यावं लागंल."

मी बीडला कॉलेजात शिकवतो. यंत्रांशी माझं फारसं जमत नाही, पण वाचून वाचून शिकलो. बंद कॉम्प्युटरच्या डिस्कवरून काढलेली जुनी सिस्टीम आणि तिच्यात दादाचं सॉफ्टवेअर, असं सगळं एका पेटीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरात, बांधायचं आणि ती पेटी नव्या कॉम्प्युटरवर एका खिडकीत उघडायची. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा दादानं पडद्यावर लावलेला गणपती तसाच समोर आला. मी उठून अंगणात गेलो.

बांधताना एक सोय दिसली होती: खिडकी बंद केली की मधलं सगळं पुसून पेटी आपोआप पूर्वस्थितीत यावी. मी ती सुरू केली. दादानं ठेवलेलं काही हलू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याहून साधं होतं. वहिनी काहीतरी बिघडवतील, असं मला वाटत होतं. त्यांना यातलं काही बोललो नाही.

पहिलं काम आलं ते गावातल्या एका आजोबांच्या नातीच्या लग्नाचं. आमच्याकडे पत्रिकेत खरा वेळ जातो तो नावांत. कुणाचं नाव निमंत्रकांत, कुणाचं स्वागतोत्सुकांत, कोण वर, कोण खाली. एवढ्यावरून रुसून भावकी लग्नाला येत नाही. मुलीचे आजोबा दोन्ही घरच्या माणसांना घेऊन दुकानात बसले. वहिनींनी दिवसभर पडद्यावर नावं वरखाली केली, रुसलेल्यांना चहा पाजला, शेवटी सगळ्यांनी मान हलवली. छापायचं दुसऱ्या दिवशी ठरलं. वहिनींनी काम सेव्ह केलं आणि खिडकी बंद केली.

सकाळी पत्रिका नव्हती.

मी रविवारी पोचलो तेव्हा आजोबा परत आले होते.

"आता पुन्हा बसवू का समद्यांला?" ते म्हणत होते. "धाकटा भाऊ कसाबसा दुसऱ्या नंबरवर राजी झालता. आता तो पहिलाच मागंल."

"माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं, मामा," वहिनी म्हणाल्या. त्यांची मान खाली होती.

"तू तरी काय करणार बाई. तो असता तर असं झालं नसतं."

मी दारातच उभा होतो. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणालो, "कॉम्प्युटर नवा आहे, होतं असं कधीकधी." आजोबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं, सर म्हणून नमस्कार केला आणि गेले.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या सोयीपुढची खूण काढून दाखवली, आता काही पुसणार नाही म्हणालो. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हंजी तुमाला वाटलं, मी मोडीन."

मी खिडकी बंद करून पुन्हा उघडून दाखवली.

"मंग मामांपुढं कावून न्हाई बोलले?"

मी उगाच माउस हलवत राहिलो. वहिनी हुशार नसतील हे गावानं मानलं असतं. माझ्याबद्दल तसं मानलेलं मला नको होतं, इतकंच.

वहिनींनी फोन उचलला. "मामा, लांब गेला न्हाईत ना? या बरं मागं. पत्रिका पुन्हा जुळवून देते, भावकीला मी समजावते. पर त्याआधी आमच्या भाऊजींना तुमाला काही सांगायचं हाय."

आणि स्टूल ओढून त्यांनी ते माझ्यासाठी आजोबांच्या खुर्चीसमोर ठेवलं.