काचपट्टीचा बदललेला रंग

सोन्याची कडी करायची म्हणून मी संशोधनाला नाव घातलं होतं. वाट्याला आलं तांबं. सोन्याचे किंवा तांब्याचे तीन-तीन अणू गुंफून एकेक कडं होतं. ही कडी टोपल्यातल्या भाकरींसारखी एकावर एक बसतात, आणि जांभळा उजेड टाकला की चवडच्या चवड स्वतःच्या रंगानं उजळते. सोन्याचे क्षार महाग, म्हणून आमचे सर म्हणाले, "आधी तांब्यावर हात बसवा, मंग सोनं." माझा नवरा एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात असतो. तो म्हणाला, "लग्नात तुझ्या घरच्यांनी मलाबी असंच सांगितल्तं." विनोद कधी करावा हे त्याला आजवर कळलेलं नाही.

त्याच सुमारास मला दिवस गेले. पहिल्या वेळी दुसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे आता आनंदापेक्षा धाकच जास्त होता. हे मूल मला हवंच होतं. सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. "तीन म्हैने भरू दे, मंग सांगू. न्हाई तं नजर लागती. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी रसायनशास्त्र शिकवते, नजरबिजर काडीचं मानत नाही. तरी गप्प बसले. एकदा पोळलेली बाई कशालाच नाही म्हणत नाही.

आमची प्रयोगशाळा कॉलेजच्या टोकाला, कारखान्यांच्या बाजूला. खिडकी उघडली की स्टीलच्या भट्ट्यांची काजळी येऊन काचपट्ट्यांवर बसते, म्हणून खिडकी कायम बंद. हवा बाहेर फेकणारा पंखा धूळ उडवतो, म्हणून तोही बंद. मी तांब्याच्या कड्यांचा पातळ थर काचपट्टीवर चढवायची आणि पट्टी टेबलाखालच्या कपाटात ठेवून घरी जायची. जांभळ्या टॉर्चखाली ती नारिंगी दिसायला हवी. सकाळी बघावं तर हिरवट.

"धुण्यात कसर राहून राह्यली," सर म्हणायचे. "पुन्हा करा."

मी पुन्हा करायची, पुन्हा हिरवी. मग मी चिडून आणखी तास-तास तिथेच बसायची. त्या टेबलापाशी एक गोडसर वास यायचा. पण त्या दिवसांत मला फोडणीचा, साबणाचा, नवऱ्याच्या शर्टाचा, सगळ्याचाच वास यायचा. मी त्याला डोहाळे समजले, आणि दिवस लपवायचे होते म्हणून कुणाला विचारलंही नाही.

एका दुपारी फारच मळमळलं, म्हणून बिघडलेली पट्टी हातात घेऊनच व्हरांड्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं जरा बरं वाटलं. सहज ओढणी डोक्यावरून ओढून अंधार केला आणि खिशातला जांभळा टॉर्च पट्टीवर धरला. ती नारिंगी झाली होती, अगदी हवी तशी.

बेन्झीन या गोडसर वासाच्या द्रवाची वाफ या भाकरींच्या मध्ये शिरली की रंग हिरवट होतो, मोकळ्या हवेत ती निघून गेली की पुन्हा नारिंगी होतो. हे मी वाचलेलं होतं. पट्टी रोज खरं तेच सांगत होती आणि आम्ही रोज तिलाच धूत होतो. आत जाऊन कपाटाच्या तळाशी वाकून पाहिलं. बेन्झीनच्या मोठ्या बाटलीचं बूच तडकलं होतं, आणि कुणी वापरत नसताना बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती. माझी खुर्ची बरोबर तिच्यासमोर. हे विष हाडांच्या मगजापर्यंत जातं, असं मी स्वतः पोरांना शिकवलेलं आहे.

तिसरा महिना अजून भरायचा होता. मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, मला दिवस गेलेत." बाटलीचं त्यानंतर सांगितलं.

सर खुर्चीतून उठलेच. "अहो, आधी न्हाई का सांगायचं? त्या टेबलाकडं फिरकू दिलं नसतं तुम्हाला." प्रयोगशाळेची खिडकी त्यांनी स्वतःच्या हातानं उघडली.

आता सातवा सरतोय. सोनोग्राफी ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, बाकीचं कळेल बाळ आल्यावर. ते पोटात लाथ मारतं तेव्हा मला हसू येतं आणि लगेच भीती वाटते. गेल्या आठवड्यात ही भीती मी सासूबाईंवर काढली. त्या तूर पाखडत होत्या. म्हटलं, "तुमच्या नजर लागण्याच्या खुळापायी मी ते विष हुंगत बसले."

"माझ्यावर कशाला चिडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "मी तं पाचीच्या पाची टायमाला तीन म्हैने कोणाला सांगितलं न्हाई."

आमच्या घरात माझा नवरा, दीर आणि नणंद, एवढीच भावंडं.

"पाच?" मी विचारलं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.