शालवाल्या काकू

शाळेत मी शिक्षिका म्हणून नवीनच होते. मधली सुट्टी व्हायला थोडा वेळ होता, तेव्हा वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर तपकिरी शाल, चेहरा हसरा. तिला पाहताच गलका करणारा वर्ग चिडीचूप झाला. मुलांनी माना खाली घातल्या. पहिल्या बाकावरची मुलगी तर मुसमुसू लागली.

"काही नाही हो बाई," शालवाली ओशाळून मला म्हणाली, "आमच्या चिरंजीवांचा डबा राहिला होता."

चिरंजीव लालबुंद होऊन मागच्या बाकावरून आले. "आई, ती शाल घेऊन येत जाऊ नकोस ना."

"थंडी आहे रे."

"मग डबाच आणू नकोस."

शाळेला लागूनच फौजेतल्या कुटुंबांच्या खोल्यांची लाइन होती. तिच्या टोकाला, नळाशेजारी मी राहायला गेले, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या शालवाल्या काकूंचे यजमान साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होते. एखादा जवान गेला की साहेब स्वतः घरी सांगायला येत, आणि सोबत एक बाईमाणूस लागे. "आमच्या हिला घ्या," यजमान एकदा म्हणाले, "ती रडत नाही." तेव्हापासून ते काम काकूंच्या गळ्यात पडलं. जीप नेहमी काकूंच्याच दारात थांबे. ज्या घरची बातमी, तिथे कधीच नाही. काकू शाल घेऊन पुढे चालत. ते घर आलं की साहेब टोपी काढत.

पाणी कधी द्यायचं, मुलांना कुठे पाठवायचं, कधी नुसतं बसून राहायचं, हे काकूंना बरोबर कळे. त्याचं फळ असं, की त्या नळावर आल्या की बायका अर्ध्या भरलेल्या बादल्या उचलून निघून जात. शेजारणीचं बाळ बघायला गेल्या, तर तिने दार लोटून घेतलं.

मुलगा फौजेत जाऊ नये, एवढीच काकूंची इच्छा होती. "गवंड्याच्या हाताखाली जा, दुकानात बस, काहीही कर," त्या माझ्यादेखत त्याला म्हणाल्या.

"आपल्या दारात जीप रोजचीच आहे, आई," तो हसला. "कधी आपल्यासाठी आलीय का?"

तो भरती झाला.

यजमान निवृत्त होऊन गुडघे धरून बसले होते, त्या वर्षीची गोष्ट. सकाळी जीप आली. कोवळे, नवे साहेब उतरले. उतरतानाच त्यांनी टोपी काढली. दारात बसलेल्या यजमानांनी ती पाहिली.

"अगं, बस जरा," ते म्हणाले.

"तुम्ही चहा उतरवा, मी आलेच." काकूंनी शाल घेतली. "कुणाकडे, साहेब?"

"काकू, आत बसू या."

"आत कशाला? उशीर केला की त्या बाईचे जास्त हाल होतात."

आणि त्या निघाल्या. मागून साहेब, टोपी हातात. काकू एकेका दाराशी थांबून वळून बघायच्या. साहेब नुसती नकारार्थी मान हलवायचे. मागे टाकलेल्या दारांच्या कड्या निघत होत्या. एका खोलीतून हसू ऐकू आलं, सुटलेल्या माणसाचं. आतल्या बाईने ते लगेच तोंडातच दाबलं असावं. काकूंच्या आधी लाइनीला कळलं.

माझ्या नळापाशी काकू थांबल्या.

"साहेब, लाइन संपली," त्या म्हणाल्या. मग त्यांना ती टोपी दिसली.

त्यांच्या सोबतीला बाईमाणूस कुणी आलं नाही. ते काम करणाऱ्या काकू एकट्याच होत्या. मी हात धरून त्यांना परत नेलं. वाटेतली सगळी दारं पुन्हा बंद होती. चहा उतू जाऊन करपला होता.

पुढच्या थंडीत जीप परत आली. "तुमच्याइतकी सवय कुणाला आहे, काकू?" साहेब म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. काकूंनी शाल घेतली, पण आधी विचारलं, "टोपी कुठाय?" ती साहेबांच्या डोक्यावर होती. मगच त्या निघाल्या.

यजमान आता नाहीत. काकू त्याच खोलीत राहतात आणि शाळेच्या गणवेशांना बटणं लावून देतात. गणवेश न्यायला मुलं येत नाहीत, शाळेचा शिपाई येतो.